कप्तानाचे कष्ट

"अगं, तिथं येऊन करशील काय? लाटा बघितल्यास का कधी?"

"बघायलाच येतेय."

"पोटातलं सगळं बाहेर येईल."

"येऊ दे. पोट माझंच आहे ना?"

कप्तानाच्या बायकोनं बोटीवर यायचा हट्टच धरला होता. बेटाबेटांतून एक रात्र माणसं फिरवून आणणारी बोट तो चालवायचा. पाठीवर अख्खा संसार बांधून देशोदेशी हिंडणारी तरणी पोरं हे त्याचं गिऱ्हाईक. फेरी संपवून तो घरी यायचा तो लढाईवरून आल्यासारखा. दारातच "मेलो गं" म्हणायचा आणि खाटेवर अंग टाकायचा. मग चहा जागेवर, जेवण जागेवर, वर पाय चेपून घेणं. समुद्र कसा खवळला, नांगराची साखळी ओढताना तळहात कसे सोलले, हे तो असं रंगवून सांगायचा की शेजारणी हळहळायच्या, "राबून राबून मरायचा गं तुझा नवरा." बायको मान हलवायची आणि भरलेला सिलिंडर एकटीच जिन्यावरून चढवायची. पाण्याच्या भीतीनं तिनं आजवर बोटीवर पाय ठेवला नव्हता. पण धाकटीचं लग्न उरकलं, घर खायला उठलं, आणि बाईला बेटं बघायची हुक्की आली.

कप्तानाची पंचाईत झाली. कारण बोटीवर त्याला काम असं काय होतं? गादीची खुर्ची होती. तिच्यात बसून दोन बोटांनी सुकाणूचं चाक धरायचं. बेटं ओळखीच्या म्हशींसारखी पाण्यात बसलेली. त्यांना वळसा घालून पुढं जायचं. नांगर खाली सोडायला यंत्र, वर घ्यायलाही तेच. हे एकदा तिच्या डोळ्यांना दिसलं की घरची खाट सुटलीच म्हणायची.

त्यानं बोटीवरच्या आचाऱ्याला बाजूला घेतलं. "मला अधूनमधून हाका मारत जा. घाईघाईनं."

"कशासाठी?"

"कशासाठीही मार."

नेमका बायको बोटीवर चढली त्या दिवशी समुद्र परातीत ओतलेल्या तेलासारखा. कप्तान चाक गरागरा फिरवायचा, कोरडं कपाळ पुसायचा. सरळ जाणारी बोट सापासारखी वळवळायला लागली, तशी पाठपिशवीवाली एक पोरगी विचारायला आली, "काका, पाण्यात काही आहे का?"

"खडक."

"कुठं?"

"सगळीकडं."

"कप्तान, लवकर या!" आचारी आतून ओरडला. कप्तान धावत गेला. "मीठ बघा," आचारी म्हणाला.

बायको कठड्याला टेकून बसली होती. उलटी लांबच राहिली, तिनं भजी मागून घेतली.

मुक्काम पडला तो एका खाडीत. जाहिरातीत तिचं वर्णन होतं, माणसाचा पाय न लागलेली. तिथं आधीच सात-आठ बोटी उभ्या होत्या, आणि प्रत्येकीवरची पोरं बाकीच्या बोटी वगळून एकांताचे फोटो काढत होती. बायको सगळं बघत राहिली. त्या बघण्यानं कप्तान जास्त घाबरला.

सकाळी निघायच्या वेळी त्यानं शेवटचा डाव टाकला. "यंत्र बिघडलंय," असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला, बाह्या सरसावल्या आणि साखळीला हात घातला.

"अहो कप्तान, ते बटण..." आचारी म्हणाला.

"गप रे!"

पोरं गोळा झाली, फोन वर झाले. पहिल्या हिसक्याला साखळी हलली नाही. दुसऱ्याला साखळी हलली नाही ती नाहीच, कंबर मात्र हलली. कट्कन आवाज झाला आणि कप्तान वाकला तो वाकलेलाच राहिला. एका हातात झारा घेऊन आचारी आला आणि कोपरानं बटण दाबलं. नांगर गुमान वर आला.

बायकोनं नांगर बघितला, बटण बघितलं, मग नवऱ्याकडं नजर वळवली. "बिघडलं होतं ना?"

"आत्ताच दुरुस्त झालं."

बंदराला लागेपर्यंत ती त्या गादीच्या खुर्चीत ऐसपैस बसली आणि तो शेजारी वाकून चाक धरून उभा राहिला. धक्क्यावर उतरताना ती म्हणाली, "गच्चीवरची टाकी घासायची राहिलीय. उद्या घरी आलात की आधी ती घ्या. मग माळा."

"अगं, कंबर धरलीय. आईशप्पथ!"

"धरेल नाहीतर काय. लग्न झाल्यापासून धरलेलीच आहे," असं म्हणून ती चालायला लागली. मागं वळूनही बघितलं नाही.

पुढच्या फेरीची पोरं पिशव्या आपटत बोटीवर चढत होती. कप्तान कण्हत, कठडा धरत पायऱ्या चढला.

"आता कशाला कण्हताय?" आचारी कांदे सोलता सोलता म्हणाला. "वहिनी गेल्या की."

"अरे, खरंच दुखतंय!"

"हां हां," आचारी म्हणाला.

कप्तानानं त्याला एक शिवी हासडली, दोर सोडायला सांगितलं आणि इंजिन चालू केलं.