जीपच्या काचेवरचा पासवर्ड
पिकल्या सीताफळांचा वास आला की मला सिरसाळ्यातलं ते ऑफिस आठवतं. कारखान्यांना ऊसतोडीच्या टोळ्या पुरवणाऱ्या एका पुढाऱ्याचं होतं ते. टोळ्यांची सगळी माहिती त्याला कुठूनही मोबाईलवर दिसावी, म्हणून मी तिथं सर्व्हरवर सॉफ्टवेअर बसवत होते. कोपऱ्यात सीताफळांच्या टोपल्या, समोर चहा पीत बसलेले मुकादम. "पासवर्ड माझ्या जीपचा नंबर ठेव," तो म्हणाला. तो नंबर जीपच्या मागच्या काचेवर हातभर आकड्यांत रंगवलेला. मी म्हटलं, "साहेब, हा कुणीही ओळखंल." "तू मला शिकवती का? लई शहाणी हाय ही!" मुकादम खदाखदा हसले. माझे कान तापले, पण मी निमूटपणे तोच नंबर टाकला. दसऱ्याआधी दुसऱ्या ठेकेदारानं त्याच नंबरानं सॉफ्टवेअरमध्ये शिरून मुकादमांचे फोन नंबर काढले आणि अर्ध्याहून जास्त टोळ्या फोडल्या. पुढारी फोनवर ओरडला, "मला का म्हून अडवलं न्हाई?" मी शांतपणे म्हटलं, "साहेब, मी कोण तुम्हाला शिकवणारी?" परवा मांजरसुंब्याच्या ढाब्यावर चहा पिताना समोर तीच जीप दिसली. काचेवरचा नंबर खरवडून काढलेला. मी आणखी एक चहा सांगितला आणि ती काच बघत बघत सावकाश प्याले.