आबाचे बांधलेले हात

"अक्का, वस्तादांचे हात सोडले." रघू पोलिसाचा फोन जळगावला आला तेव्हा तो एवढंच बोलला आणि हमसून हमसून रडायला लागला. मी समजले. माझा थोरला भाऊ, धुळ्याच्या देवपुरातल्या तालमीचा वस्ताद, आमचा आबा गेला. जिवंतपणी त्याचे हात कुणी सोडलेच नसते. दीड महिना होत आला, पण माझ्या डोक्यातली तिडीक काही जात नाही. भेटायला आलेल्या बायका म्हणतात, सुटले बिचारे. बिचारा? अगं, त्याने खान्देशभर माणसं उचलून आपटली!

मी शाळेत असताना गल्लीतल्या एका टग्याने माझी वेणी ओढली होती. आबाने त्याला उचलून उकिरड्यात भिरकावलं. त्याचा खांदा निखळला, तर तोही आबानेच पायाचा रेटा देऊन बसवला आणि वर त्याला दूध पाजलं. असा माणूस. तालमीतल्या मातीच्या हौद्यात उतरून त्याने मांडीवर शड्डू ठोकला, की बाहेर रस्त्यावरचे टांग्याचे घोडे बिचकायचे.

तंबाखूने त्याचा जबडा खाल्ला. गालाला भोक पडलं, पाजलेलं पाणी तिथूनच बाहेर यायचं. मुंबईच्या डॉक्टरांनी हात टेकले. कळ आली की आबा भिंतीवर डोकं आपटायचा, दातात धरलेला पंचा फाडायचा. कळ मारणारं औषध होतं म्हणे, पण त्याला निराळा परवाना लागतो, तो धुळ्यात कुणाकडेच नव्हता. आणि दूध-बदामावर पोसलेलं ते काळीज काही थांबेना... "सुई दे, संपव," असं तो डॉक्टरला म्हणाला, तर डॉक्टरने हातच जोडले, "आबा, मी खुनात अडकेन." वकील म्हणाला, "कायद्यात हे मागायला खिडकीच नाही." शेवटी मीच म्हटलं, आबा, विहीर काय लांब आहे? तो माझ्यावर खेकसला, "मी जिंदगीमा चोरीना डाव टाका नही, सुशे. मरसू तं पंचसमोर!"

म्हणून तोंडाला पंचा गुंडाळून तो स्वतः कलेक्टर कचेरीत मरायची परवानगी मागायला गेला. साहेबाने खुर्चीसुद्धा दिली नाही. संध्याकाळी परवानगी नाही आली, पोलीस आले. म्हातारा जिवाचं बरंवाईट करायची धमकी देतोय, घरात काही झालं तर त्याच्या पोरांना आत टाकू, असा दम भरून गेले. पोरं घाबरली आणि त्यांनी आबाला दवाखान्यात नेलं. तिथे त्याने नाकातली नळी उपसून फेकली, सलाइनचा खांब वॉर्डबॉयच्या अंगावर घातला. चौघांनी दाबून धरलं तेव्हा कुठे त्याची मनगटं बँडेजने लोखंडी खाटेला बांधता आली. वर पहारा बसवला. पहाऱ्यावर कोण, तर रघू! आबाच्याच हौद्यात वाढलेला.

मी शेवटची भेटले तेव्हा आबा खाटेसकट हिसके देत होता.

"हात सोड मना. मी काय चोर शे का?"

"नोकरी जाईल, वस्ताद," रघू खाली मान घालून म्हणाला.

आबा त्याच्या तोंडावर रक्त थुंकला. रघूने ते पुसलं नाही. मी पायातली चप्पल काढून त्याला बडवला, तरी तो हलला नाही. मेला दगड, असं वाटलं तेव्हा. पण आबा त्यालाच म्हणाला, "चित कर माले, पोऱ्या..." तेव्हा मात्र तो भिंतीकडे तोंड करून ढसाढसा रडला. गाठ तेवढी सोडली नाही.

गेल्यावर आबाला घरी आणलं तेव्हा दोन्ही मनगटं सोलून निघालेली होती. मी हौद्यातली माती आणून त्यांवर चोळली, वळ झाकले जाईनात. मग मी त्याचा उजवा हात उचलला आणि त्याच्याच मांडीवर मारला. जोरात. बायका ओरडल्या, वेड लागलं का सुशीला? आवाज कसला येतोय... हात नुसता घसरून खाली पडला.

परवा देवपुरात गेले होते. बाहेरूनच शड्डू ऐकू आले आणि माझे पाय तालमीकडे वळले. मला दारात बघताच पोरांनी शड्डू थांबवले. आदबीने हात जोडून, माना खाली घालून उभी. कोपऱ्यात माती उकरणारा रघूही तसाच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"थांबलात काय, मेल्यांनो? ठोका शड्डू!" मी ओरडले. "तुमचे हात तर कुणी बांधले नाहीत ना?"