स्कर्ट माझा हाय

काठीनं त्यानं माझा स्कर्ट वर उचलला. भर दुपारी, तालमीच्या कोपऱ्यावर, चहाच्या गाड्यापुढे. "आत काय हाय बघूया की," म्हणाला. त्याचे तिघे दोस्त हसले. गाडेवालाही हसला. त्याच्याकडे मी दहा वर्षं चहा पितोय.

मी शिंपी. कोल्हापुरात बायकांचे परकर आणि ब्लाउज शिवतो. दुकान बापाचं, आता माझं. घेर कसा पडतो, चालताना कापड पायांवर कसं खेळतं, हे परकर शिवता शिवता कळलं. वाटलं, आपण का घालू नये? मग स्वतःच्या मापानं शिवला. हिरवा, घोट्यापर्यंत, दोन्ही बाजूंना खिसे. नवस नाही, आजार नाही. मला आवडतो म्हणून घालतो.

काठीवाला म्हणजे आमच्या गल्लीतल्या मंडळाचा दादा. मी काठी धरली. कानाखाली अशी बसली की कानात शिट्टी वाजायला लागली. खाली पडलो. एकानं स्कर्ट ओढला, शिवण टराटरा उसवली. दुसऱ्यानं बरगडीत लाथ घातली. तोंडात माती आणि रक्त.

तेवढ्यात फुलं विकणारी म्हातारी ओरडली, "आरं, हिरवं नेसलंय त्ये. यल्लम्माचा जोगत्या असंल. हात झडतील तुमचं."

काठी थांबली. देवीच्या नावानं लुगडं नेसणाऱ्या जोगत्याच्या आमच्याकडे पाया पडतात. पुरुषानं बाईचं नेसलेलं तेवढं चालतं. दादा वाकला. "देवीचा हाईस व्हय?"

मी म्हणालो, "व्हय."

त्यानं माझे पाय धरले. ज्या हातानं मारलं त्याच हातानं. "मग आदी सांगायचं की," म्हणाला. गाडेवाल्यानं पाणी दिलं. म्हातारीनं कपाळाला हळद फासली. फाटका स्कर्ट मुठीत धरून मी घरी आलो. लाथ विसरलो असतो. ते "व्हय" विसरता येत नव्हतं.

घरी आत्या. बापाची धाकटी बहीण. मुरगूडजवळच्या खेड्यात लहानपणी तिच्या केसांत जट धरली. जट म्हणजे देवीचं बोलावणं, म्हणून गावानं ठरवलं, पोर देवीला सोडायची. सोडायची म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक. पहिल्यांदा कुणाच्या घरी पाठवायची, तेही ठरलेलं. आमच्या घरानं नुकताच बुद्धाचा धम्म घेतला होता. बाप नवा नवा शिंपीकाम शिकलेला. त्यानं कापडाच्या कात्रीनं तिची जट कापली. गावानं दोघांना दगडांनी हाणलं. आत्याच्या डोक्यावर त्या खोकेचा व्रण अजून आहे. त्याच दिवशी गाव सुटलं. ती कात्री आजही दुकानात टांगलेली असते.

कपाळावरची हळद बघून आत्यानं विचारलं. मी सगळं सांगितलं. तिनं पदरानं हळद पुसली, कातडं सोलवटेपर्यंत.

"माझी जट तुज्या बापानं कापली," ती म्हणाली. "तू आज सोताच्या डोक्यावर वाढवलीस. नुसता मार खाऊन आला असतास, तर तेल लावून शेकलं असतं की मी."

मला माझीच शिसारी आली.

पुढच्या मंगळवारी दादा आईला घेऊन दुकानात आला. बाईच्या हातात खण, नारळ. दारात तेच तिघे. मी तोच स्कर्ट घातलेला, शिवून नीट केलेला. बाई पाया पडायला वाकली. मी मागे सरलो.

"मावशी, मी जोगत्या न्हाय. भिऊन खोटं बोललो. ह्यो स्कर्ट माझा हाय. आवडतो म्हनून घालतो."

दादाचं तोंड काळंनिळं झालं. "म्हंजे म्हाराचं पाय धरलं मी?"

माझी जात त्याला आधीपासून माहीत होती. मध्ये देवी होती तोवर त्याला चाललं.

त्यानं शिलाई मशीन उचलून रस्त्यावर आपटलं. मापाचा लोखंडी गज मी त्याच्या मनगटावर घातला. हाड वाजलं. मला बरं वाटलं, हे सांगायला लाज वाटत नाही. मग तिघांनी मला आडवं पाडलं आणि दादानं दुसऱ्या हातात दगड घेऊन माझी उजव्या हाताची बोटं ठेचली. आत्या भिंतीवरची कात्री घेऊन धावली. "या, कुनाचं काय कापू?" दादाची आईच त्याला ओढत घेऊन गेली.

चौकीत हवालदार फिर्याद लिहीत होता. "जोगत्याचा वेश लिवतो," म्हणाला. "देवीचं नाव आलं की केस जड हुतीया. तुजाच फायदा."

"स्कर्ट लिवा. सोता शिवलेला."

त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. त्यानं लिहिलं.

दोन बोटं मोडलीत, अजून बांधलेली आहेत. आत्या कापड ताणून धरते, मी डाव्या हातानं कात्री चालवतो. वाकडं कापलं जातं. नवा स्कर्ट या वेळी हिरवा नाही. काळा बेतलाय, गुडघ्यापर्यंत. देवीचा समजून कुणी पाया पडायला नको. तो घालून भर दुपारी त्याच कोपऱ्यावर चहा प्यायला जाणार आहे. अंगावर आले तर मार खाईन, मारीनही. "व्हय" म्हणणार नाही.