दहावा सूचक

शहापूरच्या तहसील कचेरीसमोर कमळूचं टेबल बावीस वर्षं एकाच जागी आहे. टेबलाचा एक पाय आखूड, त्याखाली चपटा दगड. वर अंगठ्याच्या शाईचा पॅड, डिंकाची बाटली आणि पेनं. जातीचा दाखला काढायचा असो, वनपट्ट्याचा दावा असो की रेशनकार्डात सुनेचं नाव घालायचं असो, उंबरमाळीच्या पाड्यांवरचा माणूस आधी कमळूकडे यायचा. साहेब बदलले, फॉर्म बदलले, अर्धी कामं मोबाइलवर गेली. पण कुठल्या रकान्यात काय लिहिलं की अर्ज परत येतो, हे सांगणारा कमळूच. "कमळूच्या नजरंखालनं गेलेला कागद परत येत नाय," असं लोक म्हणत. कमळूचं शेत अर्धा एकर, घर कुडाचं. स्वतःचं म्हणावं असं त्याच्याकडे हे एक वाक्यच होतं.

भगीरथ त्याच्याच पाड्यावरचा, आश्रमशाळेत एकाच बाकावरचा. कमळू वर्गात पहिला यायचा आणि भगीरथ त्याच्या वहीत बघून पास व्हायचा. पुढे भगीरथने आयटीआय केलं, तो अर्जही कमळूनेच लिहिला. मग त्याने आसनगावला मोटारी वाइंडिंग करायचं दुकान टाकलं. इथवर कमळूला काही वाटलं नव्हतं. भगीरथ आमदारकीला अपक्ष उभा राहतोय हे कळलं तेव्हा तर तो हसला होता. ते हसू शेणव्याच्या नाक्यावर विरलं.

पाड्यावरच्या जैतूच्या टेम्पोत उभा राहून भगीरथ बोलत होता. "सरकारनं कामं कमी करावी, पण धड करावी. जातीचा दाखला एकदा दिला की जन्मभर चालला पायजे. आपल्या बांधावरचा बांबू तोडायला चार साहेबांच्या सह्या कशाला? पोरांचे रेनकोट वरनं खरेदी होतात आन् पावसाळा सरल्यावर येतात. ते पैसे आईच्या खात्यात टाका, ती जून लागायच्या आधी घेईल. पाड्याची विहीर कुठं खणायची ते ग्रामसभा ठरवंल. एका विहिरीला तीन खाती कशाला?"

पुढे बसलेली सकुबाई म्हणाली, "आन् रेशन रं? दवाखाना? तो पन कमी करनार का?"

"नाय आजी. रेशन, दवाखाना, शाळा राहनार. त्यांच्या दारातले कागद जानार."

"कागद गेले तर चोर येतील."

"आता कागद हायत, म्हणून थांबलेत का?"

लोक हसले. सकुबाईही हसली, पण मान हलवत. तेवढ्यात भगीरथ म्हणाला, "आपल्याकडं जन्माला दाखला लागतो, मरणाला दाखला लागतो. मधलं जगणं तेवढं बिनदाखल्याचं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. कमळू गर्दीच्या कडेला उभा होता. ते वाक्य त्याचं होतं. चार वर्षांमागे टेबलापाशी चहा पिता पिता तो सहज बोलून गेला होता आणि भगीरथ खोकला लागेपर्यंत हसला होता.

घरी बायकोने, ठमीने, भाकरी वाढता वाढता तेच काढलं. "भगीरथदादा काय बोलला शेणव्याला! दाखल्याचं ते. कुठनं सुचतं त्याला?"

"सुचतं कुनाला तरी," कमळू म्हणाला.

"तुमी इतकी वर्सं कागद लिवता. तुमाला नाय कधी सुचलं."

कमळूने भाकरीचा तुकडा ताटातच ठेवला.

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला भगीरथ टेबलाशी आला. मागे जैतू.

"बघ रं एकदा. तुझ्या नजरंखालनं गेला की झालं."

"एकच संच?" कमळूने विचारलं. "बाकीचे चार-चार भरतात. एक बाद झाला तर दुसरा असतो."

"कागद कमी करा म्हनून सांगनारा मी. मीच चार भरू? एकच."

कमळूने पानं उलटली. अपक्षाला दहा सूचक लागतात आणि दहाच्या दहा याच मतदारसंघाचे मतदार असावे लागतात. एक जरी बाहेरचा निघाला तर अर्ज बाद. नऊ नावं ठीक होती. दहावं रोशनीचं, भगीरथच्या चुलत बहिणीचं. तिला मुरबाड तालुक्यात टोकावड्याला दिलेली. गेल्या वर्षी तिचं नाव मुरबाडच्या यादीत हलवायचा फॉर्म कमळूनेच भरला होता, याच टेबलावर. कार्डाचा नंबर तोच राहतो, म्हणून माणसाला वाटतं मतही जुन्याच जागी आहे. भगीरथने क्रमांक जुन्या यादीतून उतरवून घेतला होता.

तीनपर्यंत मुदत होती. जैतू इथला मतदार, समोरच उभा. नवा फॉर्म घेऊन तिच्या जागी त्याचं नाव घालायचं आणि बाकीच्या सह्या गोळा करायच्या; नऊही जण कचेरीच्या आवारातच होते. अर्ध्या तासाचं काम.

"निवडून आलो ना," भगीरथ जैतूला डोळा मारत म्हणाला, "तर पयलं ह्याचं टेबल उचलायला लावनार. गरजच नाय उरनार."

"मंग कमळूकाका बसतील कुठं?" जैतू म्हणाला.

"माझ्या दुकानात. तारा गुंडाळायला."

दोघं हसले. भगीरथच्या हसण्यात काही वाकडं नव्हतं, लहानपणापासून तो तसाच हसायचा. कमळूने एका पानावर बोट ठेवलं.

"हितं तारीख राहिली."

भगीरथने तारीख घातली.

"बाकी बरोबर हाय," कमळू म्हणाला.

पावणेतीनला तो एकदा उठला आणि कचेरीच्या पायरीपर्यंत गेला. भगीरथ अर्ज देऊन बाहेर आला होता, गळ्यात झेंडूचा हार, भोवती पाड्यावरची माणसं. कमळू नळावर पाणी प्यायला आणि परत येऊन बसला.

दुसऱ्या दिवशी छाननीत अर्ज बाद झाला. कमळूला दोन दिवस हलकं वाटलं.

तिसऱ्या दिवशी भगीरथ पुन्हा शेणव्याच्या नाक्यावर उभा होता. अर्ज बाद होऊनही गर्दी आधीच्या दुप्पट. त्याने कमळूला गर्दीतून ओढून टेम्पोवर घेतलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"हा कमळू. बावीस वर्सं कागद वाचतो. माझा अर्ज ह्याच्या नजरंखालनं गेला. ह्याला पन चूक दिसली नाय. मंग तुमी-आमी कुठं जायाचं? कागदानं ह्याच्यासारख्या मानसाला फसवला."

सगळ्यांनी कमळूकडे पाहिलं. त्या पाहण्यात कीव होती. 'मला दिसली होती,' एवढे तीन शब्द त्याच्या ओठाशी आले आणि तिथेच राहिले.

सोमवारी टेबलाशी लखमा आला. वनपट्ट्याचा दावा लिहून घेतला आणि म्हणाला, "समोरच्या कंप्युटरवाल्याला पन दाखवतो एकदा. तुमचं पन वय झालं."

तो गेल्यावर रोशनी आली, आईच्या पेन्शनचा अर्ज हातात घेऊन. बसली नाही.

"दादा, मला वाटलं कार्ड तेच हाय, चालंल. माझी चूक. पन नाव हलवायचा फॉर्म तर तुमीच भरलेला." तिने आवाज खाली आणला. "मी कुनाला बोलले नाय."

कमळूने डिंकाच्या बाटलीचं झाकण घट्ट केलं. मग सैल केलं.

"विसरलो गो," तो म्हणाला.

रोशनीने हातातल्या अर्जाची घडी घातली. मग तो पिशवीत टाकला आणि ती कंप्युटरवाल्याच्या दुकानाकडे गेली.