तरंगणाऱ्या केसांची खोली

भाडेकरूची जात, पगार, लग्न, मटण यांतलं काहीएक न विचारता निव्वळ डोक्यावरचा एक केस उपटून घर देणारी घरमालकीण साऱ्या बेंगळुरूत एकच आहे, आणि ती चामराजपेटेत माझ्या खालच्या मजल्यावर राहते. सगळी गल्ली तिला अक्का म्हणते. तिचं घराणं इकडे येऊन काही शतकं लोटली; मराठी टिकलं, पण कानडी ‘स्वल्प’ म्हणजे जरा आणि ‘सरी’ म्हणजे बरं, हे त्यात असे मुरलेत की वेगळे काढायचे तर कणकेतून मीठ वेचावं लागेल. मी कोल्हापूरहून आलेली, भाडेकरूंच्या हक्कांसाठी पत्रकं लिहिणारी. खोली बघायला गेले तेव्हा पिशवीत माझंच ताजं पत्रक होतं : ‘घरमालकांनो, तुम्ही खोली देता, जीवदान नव्हे!’ जात विचारली रे विचारली की ते हातात कोंबायचं, इतकी तयारी. आणि या बाईने काय करावं? “स्वल्प वाक,” म्हणाली, चटकन एक केस उपटला, काचेच्या ग्लासातल्या पाण्यात सोडला आणि उतू जाणाऱ्या दुधावर ठेवावी तशी त्याच्यावर नजर ठेवून बसली. केस तरंगला. “सरी. सामान आण.” याच्याविरुद्ध घोषणा काय द्यायची, हे आमच्या संघटनेत कुणी शिकवलेलं नव्हतं.

अक्का जाती मानते त्या फक्त केसांच्या, आणि त्याही दोनच. तरंगणाऱ्या केसांवरचे बारीक खवले घट्ट मिटलेले. त्यांच्यात पाणी लवकर शिरत नाही, पण शिरलं की बाहेरही पडत नाही. त्यांना ऊब द्यायची, जड तेलाने लिंपायचं नाही. बुडणाऱ्यांचे खवले सताड उघडे; घटाघटा पितात आणि तासाभरात कोरडे ठणठणीत. त्यांना मलई लावा, धुवा, परत लावा, परत धुवा, वर जाड तेलाचं झाकण घाला. “आपल्या नळाला पाणी एक दिवसाआड. बुडणाऱ्यांना मी कुठून पुरवू?” म्हणून खोली फक्त तरंगणाऱ्यांना. हा उघडउघड भेदभाव आहे, असं मी तिला तोंडावर सांगितलं. “हौदा? असं का?” अक्का म्हणाली, “मग कर रिकामी. एखादी बुडणारी बघते.” तत्त्वं तत्त्वांच्या जागी. गच्चीला लागून असलेली खोली चामराजपेटेत दुसऱ्यांदा मिळत नाही.

या बाईबरोबर बाहेर पडणं म्हणजे चळवळच. सिग्नलला थांबलेल्या रिक्षावाल्याच्या डोक्याला हात लावून तिने त्याला कन्नडमधून असं झापलं की सिग्नल हिरवा होऊन पुन्हा लाल झाला : “अण्णा, कोरड्या केसाला तेल म्हणजे रिकाम्या पातेल्यावर झाकण! आधी पाणी, मग तेल!” मागच्या गाड्यांनी आकाश डोक्यावर घेतलं, तो मात्र मान हलवून ‘बायकोला सांगतो’ म्हणाला. दारावर शाम्पू विकायला आलेल्या टाय घातलेल्या तरुणाचाच केस तिने ग्लासात सोडला. तो बुडाला, आणि पोराला मलई थापून घरी पाठवलं. माणसंही ती अशीच मोजते. वॉर्डातला साहेब तरंगणारा : कितीही ओता, आत काही जात नाही. याच शहरात, सर्जापूर रोडला राहणारा स्वतःचा मुलगा बुडणारा : “येतो, मायेने चिंब होतो, फाटकाबाहेर पडेपर्यंत सुकतो.”

माझ्या वाट्याला आला रविवारचा टॉवेल. गरम पाण्यातून पिळून काढलेला तो टॉवेल डोक्याला गुंडाळून मी अक्काच्या ओट्यावर अर्धा तास बसायचं, तिने शेंगा सोलत गल्लीचा समाचार घ्यायचा. तेल बंद. आणि माझे केस? दिवाळीपर्यंत त्यांचा काथ्या झाला. मोर्चात मागच्या पोरी म्हणायच्या, “ताई, तुझ्या डोक्यामुळे फलक दिसत नाही.” शेवटी मी चिडून या ग्लासाच्या चाचणीबद्दल वाचायला बसले आणि एका ओळीवर थिजले : चाचणीचा केस स्वच्छ धुतलेला हवा, तेलकट असला की कसलाही केस तरंगतो. कोल्हापूरहून निघताना आईने माझ्या डोक्यावर वाटीभर खोबरेल जिरवलं होतं! म्हणजे मी मुळात बुडणारी.

आणि अक्का दर उगादीला, म्हणजे आपल्या पाडव्याला, न्हाणं झालं की, भाडेकरूची परीक्षा नव्याने घेते. चोरून तेलाचं बोट फिरवावं का? मी, जगाला सचोटीची पत्रकं वाटणारी, बाटलीचं झाकण उघडून न्हाणीघरात उभी होते. मग स्वतःचीच लाज वाटून झाकण लावलं, शिकेकाईने खसाखसा धुतलं आणि मान ताठ करून खाली गेले. केस ग्लासात पडला आणि तळाला गेला. मी लगेच सुरू केलं, “अक्का, केसावरून कुणालाही घराबाहेर काढता येत नाही...”

“ओरडू नको. तेल पहिल्याच दिवशी कळलं होतं मला. बोटं दोनदा साबणाने धुवावी लागली. तुझ्या आईचा हात सढळ हं.”

“मग वर्षभर माझा काथ्या का केलात?”

अक्काने ग्लास बाजूला सरकवला. “बुडणाऱ्यांचं काय, मलई चोपडली, धुतली, चालली वर. तरंगणाऱ्यांना टॉवेल बांधून बसावं लागतं.” मग सोलायच्या शेंगांचं सूप पुढे ओढत म्हणाली, “केस काय, परत येतात.”

मला भयंकर राग आला. फसवणूक, दिशाभूल, केसांची हानी. अख्खं पत्रक डोक्यात तयार झालं. ते अजून डोक्यातच आहे. डोक्यावर आता मलई असते, वर तेल असतं, फलकही दिसतो. फक्त रविवारी मी टॉवेल घेऊन ओट्यावर जाऊन बसते. तो साध्या पाण्यात बुडवलेला असतो. त्याचा माझ्या केसांना काडीचा उपयोग नाही, हे तिला ठाऊक आहे, मलाही. अर्धा तास होऊन गेला आणि मी उठायला लागले की अक्का शेंगेवरून नजर न काढता म्हणते, “स्वल्प बस. मुरायचंय अजून.”

मी बसते.