अण्णांनी मागितलेली मोरी

अण्णा गेल्याची बातमी मला एका बैठकीत कळली. बंगळूरभोवतीच्या नव्या रस्त्यांची बैठक होती आणि मी बोलायला नुकतीच उभी राहिले होते. आमचा शिपाई रुद्रप्पा दार ढकलून आत आला, माझ्याजवळ वाकला आणि कानडीत म्हणाला, "मॅडम, अण्णा होद्रंते." अण्णा गेले म्हणे. त्या 'म्हणे'ला धरून मी तशीच उभी राहिले, कारण म्हणे म्हटलं की खोटं असायला थोडी जागा उरते... समोरचे इंजिनिअर साहेब घड्याळ बघत होते. मी खाली बसले. काय बोलायला उठले होते ते कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर विचारलं असतं तरी फरक पडला नसता. रिक्षा करून निघाले. चिकपेटच्या तोंडाशी रिक्षावाल्याने पुढे यायला नकार दिला, तिथून कापडाच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत त्यांच्या गल्लीत शिरले. दाराबाहेर इतक्या चपला होत्या की आत जायच्या आधीच कळायचं ते कळलं.

कोण हे अण्णा, असं वाचक विचारतील. शंकरराव त्यांचं नाव, पण ते फक्त पगारपत्रकावर. वर्तमानपत्रात ते कधी आले नाहीत. सरकारच्या विकास योजनांचे मसुदे जिथे तयार होतात अशा एका कार्यालयात ते अधिकारी होते आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी त्यांच्या हाताखाली नोकरीला लागले. त्यांचे पूर्वज कधीकाळी मराठी फौजांबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. मी निपाणीची. वडील तंबाखूच्या वखारीत, आई विड्या वळायची. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं आणि हे मी लपवत नाही, उलट जरा मोठ्यानेच सांगते. पहिल्या दिवशी अण्णांनी विचारलं, "घरात शिकलेलं कोण?"

"मीच."

"दुसरं?"

"दुसरं कोण नाही. मीच पहिली."

"सरी," म्हणजे बरं, ते म्हणाले, "मग तुला विचारायची लाज नसेल. शिकलेल्या घरातली पोरं न समजताच मान हलवतात. आणि ऐक, तुझं मराठी निम्मं कानडी, माझं पाऊण. पुण्याहून कुणी पाहुणा आला तर दोघांनी इंग्रजीच बोलायचं. अब्रू राहील."

विचारायची लाज नाही म्हणाले, म्हणून मी विचारलंच. आपल्या विभागात पर्यावरणाचं काम म्हणजे नेमकं काय? त्यांनी मागच्या योजनेचं जाडजूड पुस्तक माझ्यासमोर ठेवलं. पाटबंधारे, वीज, उद्योग, रस्ते, घरबांधणी, प्रत्येक खात्याचं आपापलं प्रकरण. आणि सगळ्यात शेवटी, पुस्तक मिटता मिटता, पर्यावरण. हे शेवटचं प्रकरण कसं लिहिलं जायचं ते मी पुढे डोळ्यांनी पाहिलं. सगळी खाती आपलं ठरवून मोकळी व्हायची, छापखान्याची घाई सुरू व्हायची, आणि मग वरून फोन यायचा, अण्णा, तेवढी पर्यावरणाची पानं द्या. अण्णा म्हणायचे, "पानाच्या कोपऱ्यात मीठ वाढतात बघ, तसं हे. भात अळणी, सार अळणी, पल्या-भाजी अळणी, आणि मीठ तिकडे कोपऱ्यात. अगं, शिजताना घालायचं असतं ते." त्यांची सगळी नोकरी या एका वाक्यासाठी खर्च झाली, असं म्हटलं तरी चालेल.

नुसत्या बोलण्याने मला पटत नाही हे पाहून एकदा ते मला शहराच्या दक्षिणेला एका तळ्यावर घेऊन गेले. बसमधून उतरून बरंच चालावं लागलं. तळ्याला पाणी आणणारा एक जुना ओहळ होता आणि त्या ओहळाला आडवा एक रस्ता होता, जो रुंद व्हायचा होता. अण्णा रस्त्याच्या कडेला उभे राहून हाताने दाखवत होते. रस्त्याचा भराव घालताना खालून पाणी जायला मोरी ठेवली तर तळं जगेल. नाही ठेवली तर ओहळ बुजेल. एवढीच गोष्ट. पण ओहळ कुणाच्याच कागदावर नव्हता. जमीन महसूलची, मासे मत्स्यखात्याचे, वरच्या अंगाला घरबांधणीवाल्यांचे प्लॉट, पलीकडे उद्योगखात्याने आखलेली शेड. प्रत्येकाने आपलं काम नियमाप्रमाणे केलं होतं. तळ्याकाठी पालेभाजी लावणारी एक बाई आमच्याकडे बघत होती. तिने कानडीत विचारलं, कुठल्या खात्याचे तुम्ही? अण्णा म्हणाले, सगळ्याच खात्यांचे. ती म्हणाली, "म्हणजे कुणाचेच नाही," आणि परत कोथिंबिरीच्या जुड्या बांधायला लागली. परतताना बसमध्ये अण्णा आठवून आठवून हसत होते. मला काही हसू आलं नाही.

त्याच सुमारास दिल्लीहून परिपत्रकं येऊ लागली होती. विकासाच्या प्रत्येक क्षेत्राच्या धोरणातच पर्यावरणाचा विचार गुंफावा, तो वेगळा ठेवू नये, अशा अर्थाची. अण्णांना वाटलं, आता आपले दिवस आले. त्यांनी ठरवलं की पुढच्या योजनेत पर्यावरणाचं वेगळं प्रकरण नकोच. त्याऐवजी प्रत्येक खात्याने आपल्याच प्रकरणात आपला परिच्छेद लिहायचा. रस्तेवाल्यांनी मोऱ्यांचा, उद्योगवाल्यांनी सांडपाण्याचा, वीजवाल्यांनी कोळशाच्या राखेचा. त्यासाठी आम्ही दोघं खात्याखात्यांतून हिंडलो. त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी चहा प्यायचा, साहेबांच्या मुलांची चौकशी करायची, आणि उठता उठता दारातून म्हणायचं, तेवढा परिच्छेद बघा हं. रस्त्यांचे एक मुख्य इंजिनिअर त्यांची फार थट्टा करायचे. "काय अण्णा, आज बेडकांचे वकील म्हणून आलात का माशांचे?" अण्णा म्हणायचे, "आज तुमच्या नातवाचा. तो प्यायला पाणी मागेल तेव्हा मी नसेन, म्हणून आत्ताच आलो." साहेब हसायचे आणि परिच्छेद लिहून द्यायचे. शेवटी सगळ्यांनी दिले. रस्त्यांच्या प्रकरणात ते वाक्य आलं, की ओहळ आडवा येत असेल तिथे मोरी धरल्याशिवाय रस्त्याचं अंदाजपत्रक मंजूर करू नये. ज्या दिवशी शेवटचं प्रकरण रद्द करायला मंजुरी मिळाली, त्या दिवशी अण्णांनी मला खालच्या हॉटेलात नेलं. एक कॉफी दोघांत घेतली. नेहमी अशीच घ्यायचे, पण त्या दिवशी मोठा भाग मला दिला.

मग मसुदा फार लांबला म्हणून वरून हुकूम आला, प्रत्येक खात्याने आपलं प्रकरण थोडं आखडतं घ्यावं. खात्यांनी घेतलं. छापून आलेलं पुस्तक अण्णांनी माझ्या टेबलावर बसून चाळलं. पाटबंधारे... नाही. उद्योग... नाही. रस्ते... नाही. ज्याने त्याने कापायला घेतल्यावर सगळ्यात आधी तोच परिच्छेद कापला होता. कुणी कुणाशी ठरवून केलं नव्हतं. आणि शेवटी पाहावं, तर शेवटी काहीच नव्हतं, कारण ते प्रकरण आम्हीच काढायला लावलं होतं. पूर्वी निदान कोपऱ्यात मीठ असायचं. आता पान सगळंच अळणी.

अण्णा तसेच उठून सचिवांकडे गेले. मीही मागोमाग गेले. पुरवणी म्हणून ते प्रकरण जोडता येईल का, असं त्यांनी विचारलं. सचिव चांगले गृहस्थ होते, आवाजही चढवला नाही. म्हणाले, "अण्णा, प्रकरण काढा म्हणून तुम्हीच भांडलात ना? आता घाला म्हणता. लोक काय म्हणतील?" अण्णा नमस्कार करून बाहेर पडले. जिन्यात थांबून मला म्हणाले, "पोर सगळ्यांच्या घरी वाटून दिलं गं. आता ज्याला त्याला वाटतंय, ते शेजारी जेवलं असेल." नंतर पुष्कळांनी त्यांना शहाणपण शिकवलं, की असं करायला नको होतं, आपलं हक्काचं प्रकरण सोडायचंच नव्हतं. मी आजही म्हणते, अण्णांचं बरोबर होतं. मीठ शिजतानाच घालायचं असतं. आता घालणाऱ्यांनी घातलंच नाही, त्याला ते काय करणार आणि मी तरी काय करणार.

तळ्याकडचा रस्ता रुंद झाला. मोरी झाली नाही. अण्णा निवृत्त झाले, पण त्या रस्त्याची फाईल पुढच्या टप्प्यासाठी परत माझ्या बैठकीत आली, कारण तोवर मी त्या समितीवर बसू लागले होते. माझ्यासारखीला तिथे खुर्ची मिळाली याचा अण्णांना माझ्या वडिलांइतकाच अभिमान. दर वेळी भेटले की विचारायचे, "धरली का मोरी?" दर वेळी मी सांगायची, बोललेय, बघू म्हणालेत. शेवटचं भेटले तेव्हा पुढच्या खोलीत खुर्चीत बसले होते, पाय सुजलेले, बोलताना धाप लागत होती. तळं आता कसं आहे असं त्यांनी विचारलं. मी नुकतीच जाऊन आले होते. एका बाजूला पोरं क्रिकेट खेळत होती, दुसऱ्या बाजूला बांधकामाची माती टाकलेली. खोटं सांगायची मला सवय नाही. सांगितलं.

"आणि मोरी?"

"नाही धरली, अण्णा. आता धरली तरी पाणी यायला वरती ओहळच राहिला नाही."

त्यांनी सुजलेले पाय जरा लांब केले. मग म्हणाले, "सरी. तू मात्र बैठकीला जात जा. न गेलीस तर त्यांना वाटेल, सगळं ठीक चाललंय." आतून त्यांची बायको, आमची अक्का, म्हणाली, "स्वल्प गप्प बसा हो, दम लागतोय." त्यानंतर भेट नाही.

मी बैठकीला जाते. उभी राहते, बोलते, इतिवृत्तात माझं नाव येतं आणि खाली लिहिलेलं असतं, नोंद घेतली.

परवा अक्काकडे गेले होते. त्यांच्या गल्लीवर पुन्हा डांबर टाकलंय. आधीचं उकरायचं नाही, त्याच्यावरच नवं, असं वर्षानुवर्षं चाललेलं असल्यामुळे रस्ता आता उंबऱ्याच्या वर चढलाय आणि घर खड्ड्यात गेलंय. अण्णांनी महापालिकेला किती वेळा सांगितलं असेल ते अक्कालाही आठवत नाही. आता आभाळ भरलं की रस्त्याचं पाणी सरळ पुढच्या खोलीत येतं, जिथे अण्णांची खाट आहे. ढग दिसले की अण्णा स्वतः खाटेच्या पायांखाली विटा सरकवायचे, असं अक्का म्हणाली. आम्ही बोलत होतो तेवढ्यात बाहेर अंधारून आलं. अक्का उठली, कोपऱ्यातल्या विटा ओढल्या. मी म्हटलं, अक्का, आता कशाला, खाट तर रिकामीच आहे. ती म्हणाली, "मग काय भिजू द्यायची?"

मी पदर खोचला आणि खाटेची एक बाजू उचलून धरली.