शाळेत बाई म्हणायचं

पोरीनं आई कुणाला म्हणायचं, यावरनं आमच्या घरात कधी भांडण झालं न्हाय. झालं असतं तर बरं झालं असतं.

राजेश्वरी माझी धाकटी जाऊ, इथंच आमच्या बोरगावच्या शाळेत मास्तरीण. तिची आरोही त्याच शाळेत. पहिलीत पोरगी भर वर्गात "आई, पाणी" म्हणली, तशी राजेश्वरीनं दटावलं, "शाळेत बाई म्हणायचं!" बरोबरच हाय की, बाकीची पोरं काय म्हणतील? मी थोरली काकू, म्हणून मला ती आमच्याकडच्या रीतीनं 'थोरली आई' म्हणायची.

मग राजेश्वरीला एम.एड.चं खूळ लागलं. व्हय, खूळच म्हणते मी! ट्रेनिंग कॉलेजात शिकवायचं हुतं तिला. दिवसभर शाळा, घरी आली की पुस्तकं, रविवारी निपाणीवरनं कोल्हापूरला कॉलेजला. पोरगी जवळ गेली की, "आक्का, हिला घ्या बघू जरा, पेपर जवळ आलाय." मी घ्यायची. वेणी मी घालायची, ताप आला की उशाला मीच. हळूहळू 'थोरली' गळालं, मी नुसती आई झाले. अन् तिकडं शाळेतली बाई घरातबी आली. "बाई जेवल्या का?" असं पोरगी इचारायची, आम्ही सगळी खो खो हसायचो. राजेश्वरीबी हसायची. मेलं, ह्यात रडण्याजोगं काय हाय, हे तवा कुणाला कळलं!

एम.एड. झाली, फर्स्ट क्लास. तिच्या नवऱ्यानं, महादेव भावजींनी, गल्लीभर पेढे वाटले. राजेश्वरी मला म्हणली, "आक्का, आता वेणी मी घालणार." मला जरा लागलं, खोटं कशाला बोलू, पण बरंबी वाटलं. पोरगी तिच्यापुढं ताठ बसायची, हजेरीला बसल्यागत.

गेल्या महिन्यात मी विड्या वळत बसलते. सातवीतली आरोही भरदुपारी पळत आली, दप्तर मागं आडवं धरून. लई घाबरलेली. पाळी आलती. मी तिला न्हाऊ घातलं, पोटाशी धरलं.

कुणा पोरीनं सांगितलं म्हणून मागोमाग राजेश्वरी धापा टाकत आली. पायात चप्पल न्हाय.

"अगं, मी शेजारच्याच वर्गात हुते की गं! मला का न्हाय सांगितलंस?"

"तुमचा तास चालू हुता, बाई."

पोरगी अगदी सरळ मनानं बोलली. मला राजेश्वरीकडं बघवंना.

मी म्हणलं, "आरू, जा बाळा, आईजवळ जा."

पोरगी मलाच आणखी घट्ट बिलगली.